रोजचे सदतीस विषाणू

त्या रविवारी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपला आजारी संगणक घेऊन आला होता. तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात न्यावं तसे लॅपटॉप लोकांच्या छातीशी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी तर त्यांचा जुना ठोकळा चादरीत गुंडाळून आणला होता आणि त्याला वारा लागू नये म्हणून वर टॉवेल टाकला होता.

समोर टेबलामागे पांढरा कोट घालून, विषाणूंपासून वाचवणारं 'कवच' संगणकात बसवून देणारे कवचवाले उभे होते. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी शिंपीकाकांच्या ठोकळ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि खोल आवाजात म्हणाले, "श्वास जड आहे."

"पंख्यात सुताचे धागे अडकलेत," माझ्या शेजारी बसलेल्या बाई पुटपुटल्या. बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या, शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. इमारतीतली निम्मी मंडळी त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली, त्यामुळे त्यांना गप्प बसा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

कवचवाल्यांनी खिशातून एक निळं बटण, म्हणजे बटणाएवढा पेनड्राइव्ह, काढलं आणि संगणकाला खोचलं. पडदा काळा झाला. लाल आकडे धावायला लागले आणि एक हजार तीनशे दहावर थांबले.

"तेराशे दहा विषाणू!" कवचवाले कळवळून म्हणाले. "काका, तुम्ही अजून इथं बसलेले कसे?"

काकांनी घाबरून स्वतःचीच नाडी धरली. मग कवचवाल्यांनी एक कळ दाबली, आकडा घरंगळत शून्यावर आला आणि पडद्यावर हिरवी ढाल चमकली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझी दहा महिन्यांची लेक कडेवर दचकून रडायला लागली.

तिला थोपटत मी बाहेर निघाले, तर कवचवाल्यांनी मला दारातच गाठलं. "ताई, बाळाच्या खोलीत कॅमेरा आहे ना?"

"आहे."

"मग कुणीतरी बघतंय." एवढंच म्हणाले आणि पुढच्या संगणकाकडे वळले.

मी शिकलेली आहे, पदवी आहे, वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून हसते. पण लेक झाल्यापासून दाराची कडी लावली तरी पुन्हा उठून बघते. मी स्वयंपाकघरात असताना तिच्यावर नजर राहावी म्हणून तो कॅमेरा मीच हौसेनं आणला होता, आणि तो आमच्या घरच्या संगणकाला जोडलेला होता. तिच्या पहिल्या दिवसापासूनचे फोटोही त्याच संगणकात. घरी आल्याबरोबर मी कॅमेऱ्यावर तिचं टोपडं घातलं.

"टोपड्यानं काय होणार?" सासूबाई म्हणाल्या. "मी त्यांना शुक्रवारी घरी बोलावलंय."

सासूबाई तोवर कवचवाल्यांच्या अघोषित सचिव झाल्या होत्या. कुणाकडे कधी जायचं, कुणाचा संगणक जास्त अशक्त आहे, सगळं त्यांच्या जिभेवर. आठवडाभर त्या त्यांच्याबरोबर घरोघर फिरल्या आणि मी लेकीला घेऊन त्यांच्या मागे. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्याजवळ लेकीची वही असायची. ती किती वाजता झोपली, किती दूध प्यायली, अंग किती गरम लागलं, हे मी लिहून ठेवते, कारण काळजीत माझी आठवण हमखास फसवते. त्याच वहीत मी विषाणूही लिहायला लागले. मंगळवारी सासूबाईंच्या मैत्रिणीकडे एक हजार तीनशे चौऱ्याऐंशी. त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे एक हजार तीनशे चौऱ्याऐंशी. गुरुवारी वरच्या मजल्यावर चौदाशे अठ्ठावन्न.

शुक्रवारी आमच्याकडे आकडा चौदाशे पंच्याण्णवावर थांबला.

"आजी, सूनबाईंना सांगा," कवचवाले म्हणाले. आजी म्हटल्याबद्दल सासूबाईंनी एरवी कुणालाही फाडून खाल्लं असतं, पण त्या चक्क लाजल्या. "आधी यंत्रातलं जुनं संरक्षण बंद करावं लागेल. घरात दोन राखणदार असले की ते एकमेकांवरच भुंकतात. अपडेटही बंद. अपडेटच्या दारानंच हे विषाणू आत येतात. आणि तुमचा पासवर्ड माझ्या नोंदवहीत लिहून द्या. कवचाला घराची किल्ली नको का?"

"फोटो राहतील ना?" मी विचारलं.

"ताई, आज केलं तर राहतील."

माझा हात कळफलकाकडे गेलाही होता. तेवढ्यात लेक जागी झाली आणि मी म्हटलं, "रविवारी खाली घेऊन येते." कवचवाले गेले. सासूबाई रुसल्या. "नातीच्या जिवापेक्षा तुला तुझं शहाणपण मोठं!" त्या म्हणतात तेच खरं असलं तर, ही भीती मलाही कुरतडत होती.

संध्याकाळी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि म्हणाल्या, "बुधवारी रात्री दूध कमी का प्यायली?"

"बाई, खालचे आकडे बघा ना."

त्यांनी बघितले. शाळेत उत्तर चुकलं की जशा पेन्सिल वाजवायच्या तशी वाजवली. "रविवार ते मंगळवार चौऱ्याहत्तरनं वाढ. मंगळवार ते गुरुवार पुन्हा चौऱ्याहत्तर. गुरुवार ते शुक्रवार सदतीस. म्हणजे रोजचे सदतीस. अगं, दातांच्या डॉक्टरांचा संगणक नवा कोरा आणि तुझ्या सासूच्या मैत्रिणीचा दहा वर्षांचा. दोघांना एकाच दिवशी एकसारखे तेराशे चौऱ्याऐंशी विषाणू? एका वर्गात दोन उत्तरपत्रिका इतक्या सारख्या आल्या की मी काय करायचे, ते इमारतीतल्या कुणालाही विचार."

"मग तो मोजत नाही?"

"मोजतो. दिनदर्शिका मोजतो." बाईंच्या डोळ्यांत मला तीस वर्षांपूर्वीची गणिताची शिक्षिका दिसली. "संगणकाचं घड्याळ बघून रोज सदतीस वाढवतो. आता गंमत अशी की घड्याळ मागेही नेता येतं."

रविवारी सभागृह पुन्हा गच्च भरलं. मी माझा संगणक टेबलावर ठेवला. बाई उठल्या. "कवचवाले, एक विनंती. आजचा आकडा मी आधीच सांगते. पंधराशे एकोणसत्तर."

निळं बटण खोचलं. पडदा काळा झाला, लाल आकडे धावले आणि पंधराशे एकोणसत्तरवर थांबले. सभागृहात चुळबुळ झाली.

"बाईंनाही सिद्धी प्राप्त आहे," कवचवाले घाईघाईनं म्हणाले.

"मला बेरीज प्राप्त आहे," बाई म्हणाल्या. "आता दुसरा आकडा." त्यांनी एक चिठ्ठी लिहून घडी केली आणि सासूबाईंच्या मुठीत दिली. "तुम्ही या गृहस्थांच्या बाजूच्या, म्हणून तुमच्याकडेच. आत्ता उघडायची नाही." मग मला म्हणाल्या, "बटण काढ. संगणकाची तारीख शंभर दिवस मागे ने."

मी तारीख बदलली. कवचवाल्यांनी बटण खिशात टाकलं. "मागच्या तारखेला कवच चालत नाही. ते अपवित्र होतं!"

"असं कसं?" शिंपीकाका उभे राहिले. बिचाऱ्यांचा ठोकळा कवच बसल्यापासून आणखी गुदमरला होता आणि त्यांच्या ई-मेलवरून ओळखीच्या सगळ्यांना वजन उतरवण्याच्या जाहिराती जायला लागल्या होत्या. "मला काल माझ्या व्याह्यांनी विचारलं, तुम्ही मला जाड म्हणता का? खोचा ते बटण!"

खोचावंच लागलं. पडदा काळा झाला. लाल आकडे धावायला लागले, पण उलटे. शून्याच्या खाली गेले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, सावधान, उणे दोन हजार एकशे एकतीस विषाणू सापडले.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "उणे विषाणू? म्हणजे माझ्या रुग्णाला उणे चार किडलेले दात!"

"म्हणजे यंत्र अतिशुद्ध आहे," कवचवाले म्हणाले.

"मग सावधान कशाला?"

सभागृह हसण्यानं असं फुटलं की कवचवाल्यांचा आवाज ऐकूच येईना. त्या गोंधळात सासूबाईंनी चिठ्ठी उघडली. मोठ्यांदा वाचली, "उणे दोन हजार एकशे एकतीस." मग त्या सरळ टेबलाकडे गेल्या, पासवर्डची नोंदवही उचलली आणि काखेत मारली. "आजी कुणाला म्हणालास रे तू?"

कवचवाले पांढरा कोट खुर्चीवर टाकून जे निघाले ते पुन्हा दिसले नाहीत. नोंदवही डॉक्टरांनी तक्रार लिहून पोलिसांकडे दिली. बाईंनी मात्र कुणाला घरी जाऊ दिलं नाही. फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. बटणात शोधणारं काहीच नव्हतं. तारखेवरून आकडा काढायचा, तो दाखवायचा, मग शून्य करायचा, बस. हे चालू असताना तुमचं चांगलं चाललेलं संरक्षण तुमच्याच हातानं बंद करवून घ्यायचं आणि किल्ल्या गोळा करायच्या. त्यातलं एकच वाक्य खरं होतं. विषाणूरोधक प्रणाली दोन बसवू नयेत, एकमेकींच्या पायात येतात. पण म्हणून बिनओळखीच्या बटणासाठी असलेली का काढायची? बऱ्याच संगणकांत ती मुळातच असते. ती चालू ठेवा, अपडेट आले की करा, कारण सापडलेली भोकं त्यांनीच बुजतात. दुसरी विकत घ्यायचीच असेल, तर विकणाऱ्याचं ऐकून नव्हे, स्वतंत्र चाचण्या घेणाऱ्यांचे निकाल वाचून घ्या, आणि बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क काढून कपाटात टाका. त्या दुपारी घरोघर तेच चाललं होतं. सगळ्यांनी पासवर्ड बदलले, आणि बाईंनी बजावल्यामुळे एकानंही तो दुसऱ्याला सांगितला नाही.

मी मात्र जागची हलले नव्हते. "बाई, पण कॅमेरा? तो म्हणाला कुणीतरी बघतंय."

"तुझ्याकडे लहान मूल दिसलं, म्हणून म्हणाला. हल्ली अशा घरांत कॅमेरा असतोच. अंदाज होता." मग त्यांनीच विचारलं, "पण अगं, त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड तू बदललास का?"

"त्याला वेगळा असतो?"

आम्ही तिघी वर आलो. सासूबाईंनी टोपडं काढलं, बाईंनी कॅमेरा उलटा केला. तळाला चिकटवलेल्या कागदावर कारखान्यात दिलेला पासवर्ड छापलेला होता, एक दोन तीन चार. तशाच प्रत्येक कॅमेऱ्यावर तोच. दहा महिने मी दाराच्या कड्या तपासत होते आणि लेकीच्या खोलीचं दार जगासाठी सताड उघडं होतं. कुणी आत डोकावलं होतं की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

ते बंद करायला चार मिनिटं लागली. लांब, कुणाला न सुचणारा पासवर्ड ठेवला, कॅमेऱ्याचे अपडेट केले, बस. ना कोट, ना निळं बटण.

म्हणून माझ्यासारख्या घाबरट आयांना सांगते, आपली भीती खोटी नसते. तिला फसवणारा भेटतो तेव्हा तो फक्त आकडा सांगतो, पण विषाणू कुठे आहे, कुठल्या फाइलमध्ये, त्याचं नाव काय, हे विचारलं की त्याचा श्वास जड होतो. विचारा. लिहून ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा मोजायला लावा. उत्तर देऊ शकतो त्याच्यावर विश्वास ठेवा, आणि ज्याला प्रश्नांचा राग येतो त्याला दारातूनच परत पाठवा, मग तुमच्या सासूबाई कितीही रुसोत.