हरीणबाबांच्या पायाखालची माती

"आली, आली! हात जोडा!"

डोंगरमाथ्यावरच्या अभयारण्यात दोरीमागे गर्दी उसळली. धुक्यातून हरणं निघाली, गवत तुडवत हरीणबाबा बसले होते त्या शिळेपाशी थेट आली आणि माना तुकवून उभी राहिली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"मुक्या जिवाला कळतं," बाबा गरजले, "शिकलेल्यांच्याच डोक्यात भुसा! माझ्या शिळेखालची ही माती पाण्यातून घ्या आणि गोळ्या गटारात फेका!"

चेल्यांनी मातीच्या पुड्या विकायला काढल्या.

अभयारण्याची पशुवैद्य दातओठ खात पाहत होती. तिच्या ताईनं रक्तदाबाच्या गोळ्या खरंच फेकल्या होत्या. ती महिनाभर सकाळ-संध्याकाळ ही माती पीत राहिली आणि एक दिवस ओट्यापाशीच कोसळली. उजवा हात लुळा पडला.

ताईच्या फडताळातली पुडी पशुवैद्य बाईनं जिभेला लावून पाहिली होती. खारट! इथल्या गवतात मीठ नावालाच. मिळेल तिथली खारी माती चाटायला हरणं मैलोन् मैल चालतात, हे तिला ठाऊक होतं. तेच मीठ ताईच्या पोटात गेलं होतं.

"ते बघा!" ती ओरडली.

उताराच्या पलीकडच्या टोकाला एका खुंटीवर तिचा फाटका गमबूट उलटा टांगला होता. त्याखाली ती काही दिवस मीठ पुरत होती. कळपातली निम्मी हरणं आता तिथं जाऊन माना तुकवून उभी होती.

"आता माझ्या बुटाचे पाय धरा!"

"देवाची थट्टा करतेस?" बाबा थरथरले. "भस्म होशील!"

"होईन तेव्हा होईन. आधी उठा."

ते उठेनात. तेव्हा तिनं सोबत आणलेल्या वनाधिकाऱ्यांनी त्यांना बखोटीला धरून उठवलं आणि शिळा उलथली. खाली कडेकडेनं मिठाचे खडे होते, बाहेरच्या बाजूनं चाटून गुळगुळीत झालेले.

"बाईनंच पुरले असतील!" एक चेला किंचाळला. कुणीतरी तिच्या दिशेनं ढेकूळ भिरकावलं. ते खांद्याला लागलं, पण ती हलली नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "तुमच्या हातात पुडी आहे, तोंडात जीभ आहे. चाखा, आणि स्वतः ठरवा."

 मग पुड्या फाटू लागल्या. एक धिप्पाड गृहस्थ बाबांच्या पायाशी पचकन थुंकला. बाबा चेल्यांआड सरकू लागले, तोच वनरक्षकांनी वाट अडवली.

एक म्हातारी पुढं आली. तिच्या मुठीत फाटकी पुडी होती.

"बाई, मीपण गोळ्या फेकल्या. आता कुठल्या घेऊ?"

"मला विचारू नका, आजी. मी जनावरांची डॉक्टर," पशुवैद्य म्हणाली आणि तिनं आपल्या जीपचं दार उघडलं. "बसा. माणसांच्या डॉक्टरकडे सोडते."