बसायची ओवी

डाळजच्या रानात बाजरी होती तोवर सारजाला वर्ष कुठून कुठं गेलं ते कळायचं. पेरणी झाली, खुरपण झालं, कणसं मोडली, रान मोकळं झालं, की दिवाळीमागं इंदापूरच्या अंगानं घंटांचा आवाज यायचा. तिच्या बापाचा, म्हस्कूचा वाडा कोकणात निघालेला असायचा. वाडा म्हणजे मेंढरं, कुत्री, घोडीच्या पाठीवरचं बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडावर बांधलेली कोकरं. लेकीच्या मोकळ्या रानात मेंढरं बसायची, रान खताचं व्हायचं. आणि वाडा हलला की सारजा त्याच्याबरोबर पणदऱ्यापर्यंत पायी जायची, तिथून एष्टीनं परत यायची. लोकांच्या लेकी माहेराला जातात. हिचं माहेर चालत दारात यायचं.

मग धरणाच्या फुगवट्याचं पाणी पाइपातून वर चढलं आणि बाजरी गेली. ऊस आला. तो तुटतो न तुटतो तोच खोडवा फुटतो. रान कधी उघडं पडत नाही. उसापाठोपाठ दावणीला गाय आली, काळीपांढरी, अंगानं घोडीएवढी. सारजानं तिचं नाव बानू ठेवलं. उसाला निदान तोड तरी होती. बानूला ना उन्हाळा ना पावसाळा. तिला फक्त सकाळ होती आणि संध्याकाळ होती.

पहिल्या वेताला बानू कुणाला कासेला हात लावू देईना. सारजाच्या नवऱ्याला, बिरूला, तिनं उकिरड्यापर्यंत उडवलं. तेव्हा सारजा तिच्या गळ्याखाली गेली, मानेची लोंबती पोळी खाजवत राहिली, आणि तोंडाला आली ती ओवी गायली:

बसा गं बसा बायांनो, दिस कलला माळावर
बाप माझा राखणीला, घोंगडं त्याच्या खांद्यावर

बापाच्या वाड्यावर सांज झाली की मेंढरं बसवायला हीच ओवी म्हणायची. बानूनं कान पाडले आणि पान्हा सोडला. सासू छबूबाईनं वस्तीभर सांगितलं, "आमच्या सुनंच्या गळ्यावर गाय पान्हवती!" सारजाही हरखली होती. आपल्याच गळ्यानं आपल्या पायात दावं पडलं, हे तिला पुढं कळलं. गाय दुसऱ्या कुणाला दूध देईना. त्या वर्षी वाडा आला आणि गेला, सारजा दारातच राहिली. पुढच्याही वर्षी तेच.

यंदा भिगवणच्या मासळीवाल्यानं निरोप आणला. "म्हस्कूआबा म्हणत्यात, औंदाचा वाडा शेवटचा. गुडघं ऐकंनात. कोकणातनं आलं की मेंढरं इकायची. सारजीला म्हणावं, औंदा तरी पणदऱ्यापतुर चल."

सारजानं बिरूकडं पाहिलं. बिरूनं बानूकडं पाहिलं.

"जा की," तो म्हणाला. "म्या कुठं न्हाय म्हणतोय? पर हिचं काय करायचं? कास तटली तर दगड हुईल तिची."

"माझं लुगडं नेसून आत्यांनी बसायचं."

"आन् गाणं?"

गाण्याला बिरूनं भिगवणहून टेप आणला. सारजा ओवी म्हणू लागली, चाकं फिरू लागली. मधेच छबूबाई ओरडली, "बिरू, कोंबडी हाकल, दाण्यावर बसली!" तेही ओवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी सांजेला छबूबाई सुनेचं लुगडं नेसून, सुनेच्या बांगड्या घालून, बादली घेऊन बसली.

"आये, नवरी दिसतीस," बिरू म्हणाला.

"गप मुडद्या. टेप लाव."

सारजा बांधावर, उसाच्या आडोशाला उभी होती. तिचाच गळा गोठ्यातून आला. बानूनं कान टवकारले, मान वळवून लुगडं हुंगलं, मग दाराकडं बघून हंबरली. छबूबाईनं सडाला हात घातला. गाईनं पान्हा चोरला तो चोरलाच. "कोंबडी हाकल" झालं आणि बानूनं लाथ मारली. बादली इकडं, टेप तिकडं, छबूबाई शेणात.

सगळे हसले. छबूबाईसुद्धा हसली. सारजा उसाआडून आली, हात धुतले, आणि बसली. गायली. दूध आलं.

वाडा आला तेव्हा रानात त्याला टेकायलाही जागा नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे गाडीवाट. म्हस्कूनं मेंढरं ओढ्याकाठच्या पडीकात नेली आणि रात्री काठी टेकत लेकीकडं जेवायला आला.

"इहीणबाई, लेक न्यायला आलोय."

"न्या की. गायबी न्या संगं," छबूबाई म्हणाली, पण भाकरी वाढताना तिनं मान वर केली नाही.

म्हाताऱ्यानं गोठ्यात डोकावलं. "ही व्हय. कोंच्या गाण्यावर पान्हवती?"

"बसायच्या ओवीवर, आबा."

तो हसू लागला, मग थांबला. "ती मेंढरांची गं, बाय."

"तवा दुसरी आठवली न्हाय."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. घोंगड्याचा वास आला, लोकरीचा, धुराचा. 

तांबडं फुटताना वाडा हलला. वाट गोठ्यावरूनच जात होती. सारजा बानूच्या कासेशी बसलेली. घंटा जवळ आल्या तशी तिनं ओवी धरली; न धरून चालणार नव्हतं. धार बादलीत वाजू लागली, आणि बाहेर घंटा एकेक करून थांबल्या.

मेंढरं गाडीवाटेवरच बसली होती. पुढची म्हातारी मेंढी आधी गुडघे मोडून बसली, मग तिच्यामागची, मग सगळी, उसाच्या दोन भिंतींमधे. घोडी थांबली. कुत्री थांबली.

सारजानं दारातून पाहिलं आणि ती गात राहिली. दिस कलला माळावर. बाहेर दिस उगवत होता. बादली भरली, धार बारीक झाली, तुटली. रिकाम्या सडांवर तिची बोटं चालतच राहिली.

छबूबाई मागं येऊन उभी राहिली. "सारजे, आटली की गं गाय."

"आटू द्या, आत्या."

सासूनं बादली उचलली, पण गेली नाही. बाहेरून म्हस्कूचा आवाज आला. "सारजे! गप हो, बाय. मेंढरं उठंनात. लांब जायचंय."

तिनं हाती घेतलेली ओवी पुरी केली. घोंगडं त्याच्या खांद्यावर. मग तोंड मिटलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग म्हातारी मेंढी उठली, तिची घंटा वाजली, मग बाकीच्या वाजल्या, आणि आवाज उसाच्या कडेकडेनं पणदऱ्याच्या वाटेला लागला. बानूनं मान वळवली, सारजाच्या खांद्यावरचं लुगडं चाटलं, आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.