माझा डावा पाय रुतला तेव्हा

मी एक जुना ट्रेलर आहे. मित्रांनो, ट्रेलर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ऊस वाहणारी ट्रॉली उभी राहील. मी तसा नाही. मी चाकांवरचे घर आहे. माझ्या पोटात स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे, आणि पुढे उंचावर निजायची खोली आहे. माझे नाक ट्रकच्या पाठीवर टेकते. तिथल्या लोखंडी जबड्यात माझा खुंटा अडकला की ट्रक नेईल तिकडे मी जातो. ट्रक सुटला की नाकाचा सगळा भार माझ्या पुढच्या दोन पायांवर येतो. ते पाय आता फार थकले आहेत.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका कारखान्यात मला बनवले आणि डेल्बर्ट टॅकेट नावाच्या माणसाने मला नेले. तो तेलाच्या पाइपलाइनी जोडणारा वेल्डर होता. काम सरकेल तसे आम्ही सरकत गेलो. वायोमिंगच्या वाऱ्यात मी रात्ररात्र थरथरलो. ओक्लाहोमातल्या गारांचे खड्डे माझ्या छपरावर अजून आहेत. सव्वीस वर्षे त्या माणसाचा आणि त्याच्या बायकोचा, रोवीनाचा, संसार मी वाहिला.

डेल्बर्टची एक सवय होती. कुठेही मुक्काम करायचा झाला की तो आधी खाली उतरायचा, जमिनीत बुटाची टाच रोवायचा आणि गरकन फिरवायचा. टाच बुडाली तर आम्ही पुढे निघायचो, मग कितीही उशीर झालेला असो. टाच टिकली तर तो माझ्या पायांखाली जाड, रुंद फळ्या मांडायचा. कामावरचे लोक म्हणायचे, "डेल्बर्टचा ट्रेलर बघा, ग्लासातलं पाणी हलत नाही!" माझा ऊर भरून यायचा. रोवीना मात्र ट्रकमध्ये बसून हे सारे बघत राहायची. या कामाला तिला कधी कोणी हात लावू दिला नाही.

मग वेल्डिंगचा धूर डेल्बर्टच्या छातीत बसला. दहा पावले चालला की तो वाकून उभा राहायचा. नाकाला नळी आली, बरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर आला. रोवीना म्हणाली, "आता पुरे. आयव्हलीकडे जाऊ."

आयव्हली ही रोवीनाची थोरली बहीण. अर्कान्सामध्ये, भाताच्या शेतांमध्ये, ती एकटी राहायची. आम्ही तिच्या दारात पोहोचलो तो मार्चचा महिना होता आणि आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. ट्रक रोवीना चालवत होती. मी इतका दमलो होतो की मला कुठे का होईना, टेकायचे होते.

"शेडपाशी लाव," डेल्बर्ट म्हणाला. "तिथे खडी आहे. विजेचा प्लगही तिथेच आहे."

"शेडपाशी तुझ्या खिडकीतून काय दिसणार? पत्रा!" रोवीना म्हणाली. "त्या पेकनच्या झाडाखाली लावू. समोर सगळी शेतं दिसतील."

"जमीन बघितलीस?"

रोवीना खाली उतरली, झाडापर्यंत गेली आणि लगेच परतली. "बघितली. घट्ट आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, तिने टाच रोवली नव्हती. मी बघत होतो. वर हिरवेगार गवत होते आणि ती कडेला नुसती उभी राहिली होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. डेल्बर्टने तिच्याकडे एकदा नीट पाहिले आणि मान हलवली. "बरं," एवढेच म्हणाला.

तिने मला झाडाखाली मागे घेतले. चाकांना पाचरी लावल्या. रुंद फळ्या ट्रकमधल्या सगळ्या सामानाच्या तळाशी होत्या, म्हणून पायांखाली दोन लहान ठोकळे ठेवले. ट्रक सुटून पुढे गेला आणि भार माझ्या पायांवर आला. खाली जमीन नव्हतीच, लापशी होती. डेल्बर्ट वर चढला आणि निजायच्या खोलीत जाऊन पडला. दोघी बहिणी विजेची केबल आणायला गेल्या. श्वासाचे मोठे यंत्र विजेवर चालायचे, तोवर छोट्या सिलिंडरवर भागवायचे होते. केबल झाडापर्यंत पोहोचेना. दुसरी शोधायला त्या शेडमध्ये शिरल्या.

तेवढ्या वेळात माझा डावा पाय बुडू लागला. आधी बोटभर, मग वीतभर. मी सगळा जोर लावून बघितला, पण पायाखाली काही नसेल तर जोर कशावर लावायचा? माझी चौकट पिळली. कपाटातली भांडी धाडकन खाली आली आणि दार आपल्याच चौकटीत घट्ट अडकले.

रोवीना धावत आली. दार ओढले, लाथ मारली. दार ढिम्म हलेना.

"डेल्बर्ट! लागलं का रे?"

"नाही," आतून आवाज आला. "पण काटा... लाल रेघेवर आलाय."

सिलिंडर संपत आला होता आणि दुसरी केबल काही सापडली नव्हती. भरलेले सिलिंडर दुसऱ्या दिवशी शहरातून यायचे होते. खिडकी लहान आणि उंच. तिच्यातून चढून बाहेर येण्याइतका दम त्याच्यात नव्हता. आयव्हलीने रुग्णवाहिकेसाठी फोन केला. "निघालेत म्हणे. पण नाल्यावरून पाणी वाहतंय, लांबून वळसा घालून येणार. पाऊण तास तरी!" ती म्हणाली. "तुला मी म्हटलं होतं का गं, या डबक्यात घाल म्हणून?"

"नंतर बोल काय बोलायचं ते. तुझ्या कोठाराचं जुनं दार आण. आणि ट्रॅक्टरचा जॅक."

आतून डेल्बर्ट खोकत म्हणाला, "आधी चाकांच्या... पाचरी..."

"ठोकल्यात. तू बोलू नकोस, श्वास घे. सव्वीस वर्षं बघतेय मी तुला. मला येतं."

खरोखरच तिला येत होते. तिने ते लाकडी दार चिखलावर आडवे टाकले, त्यावर जॅक ठेवला आणि माझ्या लोखंडी कण्याखाली लावला. दार कुरकुरले, थोडे दबले, पण टिकले. ती दांडा मारत होती आणि मी केसाकेसाने वर येत होतो. डावा पाय चिखलातून सुटला तेव्हा ती पोटावर आडवी झाली आणि हातांनी खालची लापशी उपसू लागली. आयव्हली सामानातून रुंद फळ्या काढून देत होती. खाली आडव्या, वर उभ्या, त्यावर पुन्हा आडव्या. मग रोवीनाने मला इतके हळू खाली सोडले की माझ्या जुन्या हाडांनाही कळले नाही. चौकट सरळ झाली. दार आपोआप सुटले.

डेल्बर्टचे ओठ निळसर झाले होते. दोघींनी त्याला खांद्यांचा आधार देऊन घरात नेले आणि यंत्र घरातल्याच प्लगला लावले. रुग्णवाहिकेतले लोक त्याला तपासून गेले, त्यानंतर बऱ्याच वेळाने तो घराच्या पायरीवर येऊन बसला. चिखलाने माखलेली रोवीना शेजारी बसली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "टाच नव्हती रोवली."

"ठाऊक होतं. तुझ्या टाचेला चिखल नव्हता."

"मग बोलला का नाहीस? मेला असतास ना!"

"तुला मला ती शेतं दाखवायची होती," डेल्बर्ट म्हणाला. "तोंडातून 'नको' निघेना."

ती रडली की हसली, मला समजले नाही. दुसऱ्या दिवशी आयव्हलीच्या ट्रॅक्टरने मला ओढून शेडपाशी खडीवर उभे केले. आतून पत्राच दिसायचा. संध्याकाळी रोवीना चाकांची खुर्ची काढून त्याला शेताच्या बांधापर्यंत न्यायची. पाच महिने नेले. ऑगस्टमध्ये डेल्बर्ट गेला.

रोवीना बहिणीच्या घरात राहायला गेली. माझ्या छपरावर शेवाळ आले, एका टायरमधली हवा गेली, आत उंदरांनी गादी कुरतडली. खरे सांगतो, मला त्याचे वाईट वाटले नाही. मला फक्त उभे राहायचे होते.

पण पुढच्या वर्षी एक तरुण वेल्डर आणि त्याची बायको, टेसा, मला विकत घेऊन न्यायला आले. तो तरुण लगेच खुंट्याकडे धावला. रोवीनाने त्याचा दंड धरला. "तू बाजूला हो. तिला करू दे."

"तिला याची सवय नाही, मावशी."

"म्हणूनच."

त्या दिवशी रोवीनाने टेसाला मला तीनदा जोडायला आणि तीनदा सोडायला लावले. पहिल्यांदा टेसाला टाच रोवायची आठवण करून द्यावी लागली. तिसऱ्यांदा तिने कोणी न सांगता जमिनीत टाच रोवली. तेव्हा कुठे रोवीनाने माझ्या दाराची किल्ली दिली. आम्ही निघताना तिने माझ्या डाव्या पायावर हात ठेवला आणि घराकडे वळली.

मित्रांनो, आज मी पुन्हा रस्त्यावर आहे. थकलो आहे, तरी चालतो आहे. माझी एकच विनंती आहे. जो तुमचा भार वाहतो त्याला 'इथे उभा राहा' म्हणण्याआधी खाली वाकून त्याच्या पायांखालची जमीन तपासा. आम्ही दमलेले कुठेही टेकतो. नको म्हणायचे त्राण आमच्यात उरलेले नसते.