पडदा रिकामा असताना

“आता कुठून आला?”

“उजवीकडून.” सासूबाईंनी बोट दाखवलं. त्या खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसल्या होत्या आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर होते. एक स्टुलावर, एक शिलाई मशीनवर आणि दोन कपाटांच्या डोक्यावर.

“आणि आता?”

“मागे गेला. अगं, पण हा आहे तरी कोण?”

“ठिपका आहे, आई.”

“ठिपक्याचा घरात पाय ठरत नाही म्हणजे कमाल झाली. अगदी माझ्या धाकट्या दिरावर गेलाय.”

सून एरवी हसली असती. ती संगणकावर चित्रं हलवायची. माणसं नाहीत, घरं नाहीत, नुसते रंग, रेघा आणि ठिपके. शिकवलं कुणी नव्हतं. मुलगी शाळेत गेली की बसायची, चुकत चुकत जमलं. नातेवाईक ‘ठिपकेवाली’ म्हणत, तेही ती कौतुक म्हणूनच घेई.

मग एका सकाळी उठली तर उजवा कान उशीवरच राहून गेल्यासारखा. कानाची नस गेली, ऐकणं आता परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती “बरं” म्हणाली आणि येताना भाजी घेऊन आली. रडूबिडू आलं नाही. आवाज येत होते, पण सगळे डावीकडूनच. नवरा, दाराची घंटा, मुलीची हाक, सगळे एकाच दारानं घरात शिरल्यासारखे.

आणि नेमकी आत्ताच तिची फिल्म एका छोट्या सभागृहात लागणार होती. तिथं चहूबाजूंनी स्पीकर होते. फिल्ममध्ये एक केशरी ठिपका पडद्याच्या उजव्या कडेनं निघून जातो. पडदा रिकामा होतो. मग नुसता त्याचा आवाज लोकांच्या पाठीमागून फिरत डावीकडून परत येतो. आवाज चुकला, तर उरतो फक्त काळा पडदा. तिथल्या तंत्रज्ञाला तिनं कानाचं सांगितलं नव्हतं. कळलं तर आवाजाचं काम तो दुसऱ्याला देईल, मग फिल्म अर्धीच तिची राहील. म्हणून सासूबाईंचे कान.

ठिपका पुन्हा निघाला आणि मध्येच समोरचा संगणकाचा पडदा आपोआप बंद झाला. आवाज चालूच होता. सासूबाईंचं बोट उजवीकडे उठता उठता थांबलं आणि हळूच डावीकडे गेलं.

“आई?”

सासूबाईंनी बोट पदराखाली घेतलं.

“आत्ता तर उजवीकडे म्हणालात.”

“ठिपका उजवीकडे चालला होता ना.”

“आणि आवाज?”

“तो डावीकडूनच येतोय गं. परवा तू झाडलोट केलीस ना, तेव्हापासून.” सासूबाई खुर्चीचा हात चोळू लागल्या. “म्हटलं, तुझं आधीच एवढं झालंय. आणखी मी कशाला सांगू?”

परवा स्पीकर पुसताना तिनं डाव्या-उजव्या वायरी उलट्या लावल्या होत्या. राग यायला हवा, असं तिला वाटलं. आला नाही. ती खाली बसली आणि वायरी बदलू लागली.

“आता पडदा बंदच ठेवते. खरं सांगायचं. मला वाईट वाटलं तरी.”

“वाटतं का तुला वाईट?”

ती वायर घट्ट करत होती. “वाटेल कधीतरी.”

फिल्मच्या दिवशी दुपारी ती सासूबाईंना घेऊन सभागृहात गेली. तंत्रज्ञानं विचारलं, “मागचा आवाज जरा वाढवू का?”

‘वाढवा’ म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली, “मला एकाच कानानं ऐकू येतं. कुठून येतोय ते कळत नाही. यांना विचारा.”

त्यानं मधल्या रांगेकडे हात केला. मग सासूबाईंना म्हणाला, “या आजी, मधे बसा.”

“बसते. पण आधी तुझा पडदा बंद कर,” सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी लोक आले. ती शेवटच्या रांगेत, मागच्या भिंतीला लागून बसली. ठिपका गेला, पडदा काळा झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मान उजवीकडे वळवली. मग तिच्या शेजारच्यानं. मग एकेक करत सगळेच मागे वळले. अख्खं सभागृह तिच्याकडे तोंड करून बसलं होतं आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

तिला आवाज येत होता डावीकडून, जिथं नुसतं बंद दार होतं. तिनंही सगळ्यांसारखी मान वळवली आणि मागच्या भिंतीकडे बघत राहिली.