खिशात मावणारी आई

चाळीस वर्षं शिवणकाम केलं म्हणून आईची टीव्हीवर मुलाखत होणार होती. घरात नवा डिजिटल टीव्ही होता. बाबा म्हणाले, "वेगळा रेकॉर्डर आणू या."

"कशाला ते धूड? टीव्हीलाच पेन ड्राइव्ह लावू, खिशात मावतो!" मीच एकटा शहाणा ना!

मुलाखत झकास रेकॉर्ड झाली. पुढच्या वर्षी आई गेली. मग मी मोठा टीव्ही आणला, जुना बदल्यात देऊन टाकला. नव्याला पेन ड्राइव्ह लावला, तर पडदा काळाच.

दुकानदार म्हणाला, "ज्या टीव्हीवर रेकॉर्ड केलं, त्याच्यावरच दिसतं. तो तर भंगारात गेला."

बाबा आता पेन ड्राइव्ह तेवढा सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतात. खिशात मावतो, हे मात्र मी खरं सांगितलं होतं.