कन्हेरीच्या सोप्यावरची तुळई

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी तुळई आहे. कन्हेरी गावात फुलाबाईंच्या घराच्या पुढच्या सोप्यावर आडवी राहून मी मातीचे सपाट माळवद तोलून धरते.

माझा जन्म दूरच्या कानडी रानातला. तिथून तोडून, तासून मला रेल्वेने बारामतीच्या एका वखारीत आणले. शेजारीच लाल रंगाची एक देखणी तुळई होती. येणारा जो तो तिच्यावरूनच हात फिरवी. मी मात्र कोपऱ्यात धूळ खात पडले होते.

१९३४ साली फुलाबाई आपले थोरले दीर महिपतीआबा यांच्यासोबत वखारीत आल्या. त्यांच्या सोप्याची तुळई वाळवीने पोखरली होती.

"ही लाल घिऊ. सोप्याला शोभंल," आबा म्हणाले.

"आबा, रंगाच्या आत काय हाय ते बघाय नगं व्हय?"

फुलाबाईंनी तिथल्या सुताराला रंग तासायला लावला. खाली भुंग्याने पाडलेली भोके निघाली, मेणाने बुजवलेली. मग त्यांनी मला दगडाने ठोकले आणि कान लावून आवाज ऐकला.

"ही भरीव हाय. हीच न्यायची."

"असली काळीकुट्ट? लोकं हसतील की."

"हसू द्या. हिच्याखाली आपली लेकरं निजणार हायती."

अशी मी त्यांच्या सोप्यावर चढले. पुढच्या जत्रेत घरासमोरच कुस्त्या रंगल्या. बघता बघता सारा गाव आमच्या माळवदावर चढला. खाली सोप्यात फुलाबाईंची सून सारजा तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. वरून माती झरू लागली. आबांनी बाहेरून हाका मारल्या, पण हलगीच्या कडकडाटापुढे कुणाला ऐकू जाणार? दारातही माणसांची भिंत. सारजेला बाहेर पडता येईना. फुलाबाई तिला पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी अंगातला सगळा जोर एकवटला. वर माणसे नाचत होती, मी तसूभरही वाकले नाही.

कुस्ती सुटली, लोक उतरले. आबा धावत आत आले. बाळ झोपलेलेच होते. आबांनी माझ्याकडे मान वर करून पाहिले.

"फुलाबाई, तुमचंच खरं. हिनं घर राखलं."

आणि पैलवानासाठी आणलेला गुलाल त्यांनी मूठ भरून माझ्यावर उधळला. त्या दिवशी हलगी माझ्यासाठीही वाजली.

आता अंगावर चुलीची काजळी बसली आहे. वर कुणी फारसे बघत नाही. मित्रांनो, घर दुरुस्त कराल तेव्हा रंगाखाली डोकावा, लाकूड ठोकून घ्या. मग वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, वाळवी लागली नाही ना, तेवढे बघा. बाकीचे ओझे आम्ही सांभाळू.