पाठीमागचा आवाज

चावीवालीचं दुकान म्हणजे जिन्याखालचा एक कोनाडा. आत एक माणूस आणि एक यंत्र मावलं की हवेलाही बाहेर थांबावं लागे. लोक खिडकीतून चावी आत सरकवत, ती यंत्र सुरू करी, त्या करकरीत बोलणं शक्यच नसे, आणि नवी चावी हातात पडली की लोक आपल्या वाटेने जात. गल्लीतल्या निम्म्याअधिक घरांच्या चाव्या तिने कापल्या होत्या. त्यातल्या कुठल्याच घरात तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

अपवाद तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घराचा. त्या घराची जास्तीची चावी अजून तिच्या खिळ्याला लटकत होती. तिथे आता दुसरंच बिऱ्हाड आलं होतं आणि त्यांनी आल्या आल्या कुलूप बदललं होतं. नव्या कुलपाच्या चाव्याही हिच्याकडूनच करून नेल्या, आता बोला.

दोघी बहिणी हॉकीवेड्या. ताई बचावात, धाकटी म्हणजे ही चावीवाली गोलात. एरवी धाकटीच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागायची, पण एकदा हेल्मेट चढलं आणि तोंडासमोर जाळी आली की टकळी सुरू. "ताई, डावी. डावी मोकळी. थांब. आता जा पुढे." ताई कधी मागे वळून बघत नसे. आवाज येईल तशी सरकायची. पोटऱ्या कुरकुरायला लागल्या तरी दोघी हौशी संघात खेळत राहिल्या. धाकटीने लग्न केलं नाही. ताईचा संसार शेजारच्या गल्लीत होता, तेवढा दोघींना पुरत होता. मग ताई आजारी पडली आणि उठलीच नाही. धाकटीने पॅड, हेल्मेट सगळं माळ्यावर टाकलं. त्या दिवसापासून यंत्राची करकर सोडली तर तिच्या दिवसात आवाज म्हणून उरला नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हाडं विरळ झालीत. हालचाल हवी, आदळआपट नको." भाची दूर राहायची, तिने फोनवरच तोडगा काढला. "मावशी, तुझ्या भागात चालत हॉकी खेळतात. मी चौकशी केलीय. तू फक्त जा."

चालत हॉकी म्हणजे काय थेर, असं मनाशी म्हणत ती त्या हॉलमध्ये गेली. शिकवणारी पोरगी चुणचुणीत होती. सगळ्यांकडून अंग मोकळं करून घेतल्याशिवाय ती काठीला हात लावू देईना. "पळायचं नाही. काठी कमरेच्या वर न्यायची नाही. चेंडू जमिनीवरूनच. नडगीला पॅड, दातांना गार्ड, ज्याने आणलं नसेल त्याने बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या."

"आणि गोलात?" चावीवालीने विचारलं.

"गोलात कुणी नसतं, मावशी. गोलच एवढासा असतो."

आयुष्यभर जी जागा तिची होती, ती या खेळात नव्हतीच.

मग जे व्हायचं तेच झालं. चेंडू आला की तिचा पाय पुढे. गोलात पायाने अडवायचं ही तर तिची कला. पण गोलाबाहेरच्या खेळाडूचा पाय लागला की फाउल. शिट्टी. पुन्हा चेंडू, पुन्हा पाय, पुन्हा शिट्टी. तिच्याच संघात एक निवृत्त नर्स होती. बाईची मान आखडलेली, बाजूला बघायचं तर कपाट फिरवावं तशी अख्खी वळे. ती म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी पाय घरी ठेवून या." सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण चावीवालीच्या तोंडावर जाळी नव्हती आणि पडलेला चेहरा कुठे लपवावा ते तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात ती माळ्यावरचं सगळं किट पाठीला लावूनच आली. त्याच हॉलमध्ये नंतर दुसरी मंडळी आतली, म्हणजे इनडोअर हॉकी खेळायची. तिथे चेंडू टोलवत नाहीत, नुसता ढकलतात, कडेला फळ्या असतात, आणि गोलात माणूस लागतो. तिने पोरीला बाजूला घेतलं. "मला तिकडे घे. गोलात."

पोरीने हेल्मेट हातात घेऊन आतला फोम दाबला. पिवळा भुगा जमिनीवर पडला. पट्टा ओढला, तो हातातच आला.

"नवीन घेते," चावीवाली म्हणाली.

"हाडं नवीन कुठून घ्याल, मावशी? तुम्हीच दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना माझ्याकडे. ढकललेला चेंडूसुद्धा दगडासारखा लागतो. मी नाही उभी करणार तुम्हाला."

पोरगी बोलली ते खरं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. तिला चेंडू अडवायचेच नव्हते. तिला जाळीमागे उभं राहायचं होतं, आणि एकदा तरी ताईला मोठ्याने हाक मारायची होती. दुसरीकडे कुठे मारली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आता पुन्हा इकडे यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. पॅड बांधले होते म्हणून तेवढा दिवस उभी राहिली.

पोरीने तिला अगदी मागे ठेवलं, बचावात. खेळ मुंगीच्या पावलांनी चालला होता. समोरून चेंडू सुटला आणि सरळ तिच्याकडे आला. पाय पुढे निघालाच होता. तिने तो कसाबसा आवरला आणि काठी आडवी घातली. चेंडू काठीला टेकून गप्प झाला. शिट्टी वाजली नाही.

आणि ती थांबून राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, समोरच्या संघातला एक म्हातारा चालत जवळ येत होता, तरी ती हलेना. मग तिला कळलं, आपण मागून आवाज येण्याची वाट बघतोय. ही जागा ताईची. इथून ताईला कायम पुढचंच दिसायचं, बाकी सगळं तिने धाकटीच्या आवाजावर सोडलेलं असायचं. तिने वळून पाहिलं. मागे एवढासा गोल होता आणि त्यात कुणी नव्हतं. ताई गेल्याचं तिला इतकं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं, अगदी दवाखान्यातही नाही.

तोंड आपोआप उघडलं. "डावी," ती मोठ्याने म्हणाली. "डावी मोकळी. सरक."

तिच्या पुढे नर्स उभी होती, पाठ करून. मान वळत नव्हती, तिने मागे पाहिलं नाही. नुसती डावीकडे सरकली. चावीवालीने चेंडू ढकलला. तो नर्सच्या काठीला जाऊन लागला आणि खेळ पुढे गेला.

खेळ संपल्यावर नर्स तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला बोलता येतं की. मग आतापर्यंत गप्प का होतात? मला मागचं काही दिसत नाही हो. पुढच्या वेळीही माझ्या मागेच उभ्या राहा आणि सांगत जा."

चावीवालीला हो म्हणायचं होतं. तिने नुसती मान हलवली, आणि मग तिला रडू आलं. तोंडावर जाळी नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी ते पाहिलं.